नव्या वस्तऱ्याची धार

एका वाचक-भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या बावीस वर्षांच्या चिरंजीवांनी नेहमीचा रेझर बाजूला ठेवून, आजोबांच्या पिढीत असे तसा, मुठीत मिटणारा अखंड पात्याचा वस्तरा घरपोच मागविला. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. पुढे गालावर ओरखडे दिसू लागले, हनुवटीखाली लाल पुटकुळ्या उठल्या आणि एके सकाळी कानाजवळ चांगलाच काप गेला. 'इतके धारदार हत्यार घरात असावे काय?' असा त्यांचा प्रश्न आहे. आईने विचारावा असाच तो आहे. परंतु माझे उत्तर त्यांना कदाचित अनपेक्षित वाटेल. चिरंजीवांच्या वस्तऱ्याची धार पंधरा दिवसांत गेली, आणि ती गेली म्हणूनच हे सारे घडले.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही अलीकडे तरुण मुलांमध्ये या वस्तऱ्याची आवड पुन्हा दिसते. दाढी राखण्याची आणि तिची कड रेखीव कोरण्याची सध्या हौस आहे. चित्रफिती पाहून मुले वस्तरा मागवितात. त्याची निगा मात्र चित्रफितीत दोन मिनिटांत उरकलेली असते. त्या निगेचा त्वचेशी आणि पुढे रक्ताशी किती निकटचा संबंध आहे, हे वैद्यकीय बाजूने सांगावे म्हणून हा विषय घेतला आहे.

तीक्ष्ण धार केसाला त्वचेलगत, जवळजवळ भार न देता कापते. बोथट धार केसाला ओढते. केस ओढला की वेदना होते आणि हात नकळत दाबला जातो. एका फेऱ्यात न निघालेल्या खुंटांसाठी त्याच जागी तीन-चार फेरे होतात. त्यात केसांबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडला जातो. त्या सूक्ष्म जखमांतून, आपल्या नाकात आणि त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतू केसांच्या मुळांशी उतरतात. मग पुटकुळ्या येतात, क्वचित मोठे केसतूड होते. ज्यांचे केस कुरळे असतात त्यांच्यात कापलेले टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते आणि तेथे गाठ धरते. अशा पुटकुळ्यांवर औषधांच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम कृपा करून चोळू नका. त्याने लाली दोन दिवस दबते. परंतु मुळात तो दाढीतील नायटा असेल तर महिन्याभरात सारा गाल व्यापतो. असे चेहरे मी दर आठवड्याला पाहतो.

आता धारेकडे वळू. चांगल्या पाजवलेल्या वस्तऱ्याची कड केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक असते. इतकी पातळ कड पोलादाची असली तरी नाजूक असते. केस पोलादाच्या मानाने सुमारे पन्नास पट मऊ. तरीही तो पात्याला बोथट कसा करतो, हे कोडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये उलगडून दाखविले. दाढीचे पाते त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केसांवर चालविले. कड हळूहळू झिजत जाते असा आपला समज असतो. त्यांना दिसले ते असे की, केस कलता असेल आणि पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसेल, तर कडेचा कण टवका उडावा तसा तुटतो. त्यांची पाती आजच्या साध्या रेझरची होती. पण अखंड पात्याचा वस्तराही पोलादाचाच असतो. म्हणूनच कोरड्या, ताठ खुंटांवर वस्तरा चालविणे ही धार मारण्याची हमखास रीत होय. कोमट पाण्याने भिजविलेला फडका दोन-तीन मिनिटे गालावर धरावा; पाणी प्यायलेला केस सहज कापला जातो. आपल्याकडे बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, साबणाला फेस येत नाही. दाढीपुरते तांब्याभर गाळलेले मऊ पाणी वेगळे ठेवले तर फेसही दाट येतो आणि पात्यावर क्षारांचे पांढरे डागही पडत नाहीत.

धार राखण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांविषयी जो अध्याय आहे, त्यात धार काढण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे आणि ती धार नीट बसविण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, फळी सांगितली आहे. फाल्गुनात यवतमाळच्या रानात निष्पर्ण उभी राहून लालभडक फुलणारी ती हीच सावर. शस्त्राच्या कामाप्रमाणे धारेची जाडी किती असावी, याचेही माप तेथे आहे : काही शस्त्रांना मसुराच्या कडेएवढी, काहींना केसाएवढी, आणि छेदनाच्या शस्त्रांना अर्ध्या केसाएवढी. शस्त्र केस कापू लागले म्हणजे ते वापरण्यास योग्य झाले, ही कसोटीही सुश्रुताचीच. मला यातील शिळा आणि फळी हा भेद विशेष महत्त्वाचा वाटतो. शिळा धार काढते, फळी ती बसविते. ही दोन कामे निराळी आहेत, हे न कळल्यामुळे नवशिक्यांचे बहुतेक वस्तरे बिघडतात.

सुश्रुताच्या फळीची जागा आज चामडी पट्ट्याने घेतली आहे. प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा पट्ट्यावर फिरविणे, हे नव्या माणसाने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त शिकावे. दाढीच्या वेळी कड जागोजाग किंचित वळते. पट्टा ती सरळ करतो, तिच्यावरचा सूक्ष्म मळ आणि गंजाचा लेश पुसून काढतो. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवावा आणि दुसरे टोक हाताने ताणून धरावे. तो सैल राहिला की झोळीसारखा खाली दबतो आणि कडेपाशी वर वळून धार गोल करतो. वस्तरा पट्ट्यावर पूर्ण आडवा ठेवावा. त्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी चामड्याला टेकलेल्या असाव्यात. मग पाठ पुढे आणि धार मागे, अशा दिशेने तो न्यावा. टोकाशी पोहोचल्यावर वस्तरा उचलू नये. पाठ चामड्यावर टेकलेलीच ठेवून, बोटांत मूठ फिरवून त्याची कूस पालटावी आणि परत यावे. कूस पालटताना जर धार चामड्यावरून फिरली, तर एका क्षणात पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. चिरंजीवांचे बहुधा येथेच बिनसले असावे, कारण नव्वद टक्के नवशिक्यांचे येथेच बिनसते. हा आकडा माझा अंदाज आहे, पाहणीतला नव्हे.

भार द्यायचा नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. पट्ट्याला जाड कापडाची बाजू असेल तर तिच्यावर दहा-पंधरा फेरे आणि मग चामड्यावर तीस-चाळीस. जुने कारागीर हे काम डोळे मिटून, सपासप करतात; त्यांच्याशी स्पर्धा करू नये. काही जण तर तळहातावरच वस्तरा फिरवीत. पाहायला ते मोठे मनोहर असे, पण तो हात चाळीस वर्षांच्या सवयीचा होता. आपण पहिले आठ दिवस स्वयंपाकघरातील एखादी निकामी, बोथट सुरी घेऊन जुन्या कमरपट्ट्यावर हीच हालचाल करून पाहावी. मनगटाला वळण लागले की मग खरा वस्तरा हाती घ्यावा. वेग आपोआप येतो, आणि नाही आला तरी काही बिघडत नाही. पट्ट्याला बारीक चरा पडला तर अगदी मऊ पॉलिश कागदाने तो घासून सपाट करता येतो. खोल काप गेला तर मात्र पट्टा बदलावा. वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की चामडे ताठरते. रोज तळहाताने पट्टा दोनदा चोळला की हाताच्या स्निग्धतेने ते मऊ राहते. त्यावर खोबरेल ओतू नये.

पट्ट्याने धार राहते, पण कायमची राहत नाही. दोन-चार महिन्यांनी केव्हातरी, पट्ट्यावर फिरवूनही वस्तरा ओढू लागतो. तेव्हा धारेच्या दगडाची पाळी येते. येथे माझे मत थोडे कठोर आहे : पहिले सहा महिने नवशिक्याने दगडाला हात लावू नये. दगडाचे बारीक-भरडपण क्रमांकाने सांगतात. हजार क्रमांकाचा भरड दगड धारेची मूळ कूस घडवितो, चार-पाच हजारांचा तिला साफ करतो, आठ हजार आणि बारा हजारांचे दगड तिला शेवटची झिलई देतात. शिवाय दगडावर चाल पट्ट्याच्या अगदी उलट असते. तेथे धार पुढे आणि पाठ मागे जाते. ही एक गोष्ट विसरून दगडाची चाल पट्ट्यावर केली की पट्टा फाटलाच म्हणून समजा. दगड पाण्याने ओला आणि पूर्ण सपाट हवा, दोन्ही बाजूंचे फेरे मोजून सारखे हवेत आणि पाठ क्षणभरही उचलता कामा नये, कारण पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरलेला असतो. सहा महिन्यांनंतर बारा हजारांच्या दगडावर दहा हलके फेरे, एवढ्यापासून आरंभ करावा. घराच्या पायरीवर किंवा पाट्यावर विळा पाजवतात तसा वस्तरा पाजवू पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या गालांवर तो प्रयोग वाचता येतो.

तोपर्यंत काय करावे? बाजारातून आलेल्या नव्या वस्तऱ्याची धार पुष्कळदा कारखान्यात नुसती घासलेली असते, दाढीसाठी बसविलेली नसते. म्हणून वापरण्यापूर्वीच तो जाणत्या हाताकडे द्यावा. पुसद, वणी, दारव्हा यांसारख्या गावांत आणि आठवडी बाजाराच्या झाडाखाली आजही साठी-सत्तरीचे नाभिक कारागीर भेटतात. त्यांच्या धोकटीत आता अर्ध्या ब्लेडची पाती असली, तरी दगड आणि पट्टा ही त्यांची जन्माची विद्या आहे. त्यांच्यासमोर बसून एकदा पाहावे, विचारावे आणि कामाचे योग्य दाम द्यावे. सायकलवर साण घेऊन सुऱ्या-कात्र्यांना धार लावीत हिंडणाऱ्या माणसाकडे मात्र वस्तरा देऊ नये. तो आपल्या कामात पटाईत असतो. पण फिरत्या साणेवर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ कड तापून तिचे पाणी उतरते, आणि पोलाद मऊ पडले की मग कितीही पाजवा, धार टिकत नाही.

पाणी उतरण्यावरून एक घरगुती धोका सांगतो. निर्जंतुक व्हावा म्हणून वस्तरा गॅसच्या ज्योतीवर धरण्याची रीत काही घरांत आहे. हेतू चांगला, परिणाम वाईट. पोलादाचा कठीणपणा दीडशे-दोनशे अंशांपलीकडे उतरू लागतो आणि ज्योतीवर पातळ कड तेवढी तापायला क्षणही लागत नाही. ती निळसर झाली की वस्तरा संपला. उकळत्या पाण्याचे तापमान शंभर अंश, त्याने पाणी उतरत नाही. पण गंज चढतो, आणि मूठ लाकडाची किंवा शिंगाची असल्यास ती फुगते, फाटते. ब्लीचच्या द्रावणात पोलादाला खड्डे पडतात. स्वतःच्या एकट्याच्या वस्तऱ्यासाठी स्पिरिटचा बोळा पाठीकडून धारेकडे पुसून कोरडा करणे पुरेसे आहे.

खरा वैरी ओलावा. दाढी झाली की वस्तरा स्वच्छ पाण्याने धुवावा, मऊ सुती फडक्याने टिपावा. मुठीच्या खिळ्यापाशी पाणी लपून बसते, तेथे फडक्याचे टोक घालावे. पंधरा मिनिटे तो उघडाच ठेवावा. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल धरतात; त्या दिवसांत वस्तरा न्हाणीघरात किंवा चामड्याच्या बंद घरात ठेवला तर चार दिवसांत धारेवर तांबूस ठिपके दिसतात. तो एक-एक ठिपका कडेत पडलेले भोक आहे. शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पाठीकडून धारेकडे पुसावा. खोबरेल हिवाळ्यात थिजते आणि जुने झाले की चिकटते. आणि अर्थातच, कुलपाच्या कपाटात, लेकरांच्या हाताबाहेर.

धार आहे की गेली, हे अंगठा फिरवून पाहू नये. दवाखान्यात अंगठे शिवण्याचे काम आम्हाला तसेही पुष्कळ असते. विंचरताना निघालेला एक केस एका टोकाने धरून धारेवर टेकवावा. तो तुटून पडला तर धार उत्तम. मनगटावरची लव त्वचेला न टेकता निघत असेल तरी चालेल.

आता या लेखातला माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर भाग. अखंड पात्याचा वस्तरा महाग असतो, टिकतो, आणि म्हणून घरात 'सर्वांचा' होतो. माझ्या माहितीतील एका शेतकरी कुटुंबात वडील आणि तीन भाऊ एकच वस्तरा वापरीत. त्यांतील एक भाऊ रक्तदानास गेला आणि तपासणीत त्याला हेपॅटायटिस बी असल्याचे निघाले. त्याला स्वतःला कसलाही त्रास नव्हता. घरातील सर्वांची तपासणी केली, तेव्हा वडिलांच्या रक्तातही तो विषाणू आढळला. तो वस्तऱ्यानेच एकाकडून दुसऱ्याकडे गेला, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. या रोगाला इतरही वाटा आहेत. पण वस्तऱ्याची वाट उघडी होती, हे निश्चित. वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि वर सांगितलेल्या स्पिरिटच्या पुसण्यावर दुसऱ्याचा जीव सोपवता येत नाही. उरलेल्या दोन भावांना लस दिली : पहिली मात्रा त्याच दिवशी, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. आज बालकांना ही लस नियमित मिळते. परंतु घरातील तिशीपलीकडच्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नसते. म्हणून ज्या घरात वस्तरा आला आहे त्या घरात नियम एकच असावा : वस्तरा, पट्टा आणि तुरटी ज्याची त्याची. भाऊ-भाऊ असले तरी. तुरटीचा खडा लोक विसरतात. रक्त निघालेल्या जागेवरच तो फिरतो, मग दुसऱ्याच्या गालावर जातो.

मधुमेह ज्यांचा आटोक्यात नाही, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, ज्यांचा हात कापतो किंवा ज्यांना दृष्टी कमी आहे, त्यांनी या वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये. चेहऱ्यावर मुरुमे पिकलेली असताना तरुणांनीही थांबावे. काप गेलाच तर स्वच्छ फडका पाच मिनिटे न उचलता दाबून धरावा, मधून मधून उघडून पाहू नये. जखम खोल असेल, किंवा पाते गंजलेले असेल आणि धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घराबाहेरही वस्तरा आपल्या अंगाला लागतो, तेव्हा आपण फारसे लक्ष देत नाही. सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी अर्धे ब्लेड बदलतात; ते आपल्या डोळ्यांदेखत बदलले जावे, एवढे म्हणायला संकोच नको. बाळाचे जावळ काढताना घरची मंडळी आनंदात असतात, आणि दहाव्याच्या दिवशी नदीकाठी सारे दुःखात असतात. या दोन्ही वेळी पात्याकडे कोणी पाहत नाही. दहाव्याला तर पाच-सात भाऊबंद ओळीने बसतात आणि एकाच घाईत सर्वांची डोकी होतात. घाटावर जाणाऱ्या सामानात, दर्भ आणि तिळांच्या पुडीशेजारी, नव्या ब्लेडचे एक पाकीट घरातील जाणत्या माणसाने आठवणीने ठेवावे आणि प्रत्येक डोक्यासाठी नवे पाते कारागिराच्या हाती द्यावे.